नको तेव्हा दाबली जाणारी बटणं आणि त्यांचा बंदोबस्त

एक्सेलमध्ये सेलमधला मजकूर दुरुस्त करायला एफ२ दाबायला जावं, बोट जरासं डावीकडे पडावं आणि एफ१ दाबलं जावं. लगेच मदतीचा फलक उघडतो. तो बंद करायचा, पुन्हा सेलवर यायचं, कुठे होतो ते आठवायचं. दिवसातून दहा वेळा असं झालं तरी आपण स्वतःच्याच बोटांना शिव्या घालतो. खरं तर एफ१ हे बटण आयुष्यात एकदाही मुद्दाम न दाबलेली माणसं भरपूर सापडतील. मग ते बटण तिथे हवं कशाला? निदान त्याने मदतीचा फलक उघडायला हवा कशाला?

बटणावर जे छापलेलं असतं ती फक्त छपाई असते. तुम्ही बटण दाबता तेव्हा कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवत नाही, एक क्रमांक पाठवतो: 'अमुक जागेवरचं बटण दाबलं गेलं'. त्या क्रमांकाला 'हे एफ१', 'हे कॅप्स लॉक' असं नाव देण्याचं काम ऑपरेटिंग सिस्टीम करते. त्यानंतर निवडलेल्या भाषेचा लेआउट, म्हणजे कुठल्या बटणावर कुठलं अक्षर याचा नकाशा, ठरवतो की पडद्यावर काय उमटायचं. म्हणून तर एकच बटण इंग्रजीत 'के' उमटवतं आणि इन्स्क्रिप्ट या मराठी लेआउटमध्ये 'क'. मधल्या टप्प्यावर, म्हणजे क्रमांकाला नाव मिळतं तिथे, आपण हात घालू शकतो. एफ१चा क्रमांक आला तर त्याला एफ२ समज, एवढं सांगितलं की झालं. यालाच रीमॅप करणं म्हणतात. स्क्रूड्रायव्हर लागत नाही, पैसे लागत नाहीत आणि नाही आवडलं तर सगळं पूर्ववत करता येतं.

आधी बघा, रीमॅपची खरंच गरज आहे का

नवखी माणसं इथे घाई करतात. त्रास देणारं प्रत्येक बटण रीमॅप करावं लागत नाही. पुष्कळ तक्रारी एखादी सेटिंग बंद केली की मिटतात, आणि त्या तशाच मिटवलेल्या बऱ्या.

शिफ्ट पाच वेळा दाबलं की 'स्टिकी कीज चालू करू का' असं विचारणारी खिडकी येते. ही सोय ज्यांना दोन बटणं एकदम दाबणं जमत नाही त्यांच्यासाठी आहे आणि त्यांच्यासाठी ती मोलाची आहे. तुम्हाला नको असेल तर विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, कीबोर्ड असं जा, स्टिकी कीज उघडा आणि तिचा शॉर्टकट तेवढा बंद करा. उजवं शिफ्ट आठ सेकंद धरून ठेवलं की येणाऱ्या फिल्टर कीजचंही तसंच.

मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिहिणाऱ्यांचा नेहमीचा वैताग म्हणजे लिहिता लिहिता भाषा आपोआप बदलते. ती आपोआप बदलत नाही. विंडोजमध्ये डावं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबलं की भाषा बदलते, आणि दुसरा काही शॉर्टकट मारताना ही जोडी नकळत दाबली जाते. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग टायपिंग, मग ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज. तिथे इनपुट लँग्वेज हॉट कीज नावाचा दुवा आहे. 'चेंज की सीक्वेन्स' दाबून दोन्ही ठिकाणी 'नॉट असाइन्ड' निवडा. भाषा बदलायला विंडोज बटण आणि स्पेसबार ही जोडी शिल्लक राहते, ती चुकून सहसा दाबली जात नाही.

काही लॅपटॉपवर पॉवरचं बटण बॅकस्पेस किंवा डिलीटला खेटून बसवलेलं असतं. ही कल्पना कोणाला सुचली देव जाणे. ते बटण रीमॅप करण्याच्या भानगडीत पडू नका. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'पॉवर बटण दाबल्यावर काय करायचं' हे निवडता येतं, तिथे 'डू नथिंग' ठेवा. तेच बटण काही सेकंद दाबून धरलं तर मशीन बंद होतंच, त्यामुळे अडचणीच्या वेळची सोय जात नाही.

एफ रांगेतल्या बटणांनी आवाज आणि उजेड कमीजास्त होतो, पण एफ५ म्हणून काम होत नाही, ही तक्रार असेल तर बऱ्याच लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबून पाहा. एस्केपवर कुलपाचं छोटं चित्र दिसलं तर हाच उपाय.

आणि एक अगदी साधी शक्यता: बटण खराब झालेलं किंवा खाली काही अडकलेलं असू शकतं. तपासायला विंडोज, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबा. पडद्यावर कीबोर्ड उघडेल. आता खऱ्या कीबोर्डवरचं एकेक बटण दाबा, पडद्यावरचं तेच बटण उजळतं. काही न दाबताच एखादं उजळून राहिलं, किंवा दाबूनही उजळलं नाही, तर रोग कुठे आहे ते कळलं. मॅकवर हेच काम कीबोर्ड व्ह्यूअर करतो.

विंडोजवर पहिला प्रयोग: पॉवरटॉइज

मायक्रोसॉफ्टनेच दिलेलं पॉवरटॉइज हे मोफत साधन नवख्यांसाठी सगळ्यात बरं. विंडोज १० आणि ११ दोन्हींवर चालतं, मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेता येतं. त्यात डझनावारी इतर गोष्टी आहेत, त्यांच्याकडे सध्या बघूही नका. आपल्याला फक्त कीबोर्ड मॅनेजर हवा आहे. आवृत्तीप्रमाणे पडद्याची मांडणी थोडी इकडेतिकडे होते, पण क्रम हाच राहतो:

१. पॉवरटॉइजच्या सेटिंग्ज उघडून डावीकडच्या यादीत कीबोर्ड मॅनेजर शोधा आणि वरचं खटकं चालू करा.

२. 'रीमॅप अ की' दाबा. नवी खिडकी उघडेल. अधिकचं चिन्ह दाबून एक ओळ घाला.

३. ओळीला दोन बाजू असतात. डावीकडे तुम्ही बोटाने दाबणार ते बटण, उजवीकडे संगणकाने जे समजायचं ते. डावीकडे 'सिलेक्ट' दाबा आणि एफ१ दाबा. उजवीकडे तसंच करून एफ२ दाबा. बटण मुळीच नको असेल तर उजवीकडच्या यादीतून 'डिसेबल' निवडा.

४. ओके दाबा. अमुक बटण आता कुठेच उरत नाही, पुढे जायचं का, अशी विचारणा होईल. एफ१ खरोखरच उरणार नाही, हे आपल्याला हवंच आहे. पुढे जा.

झालं. मशीन पुन्हा सुरू करायची गरज नाही, एक्सेल उघडून लगेच पाहा.

पायरी ३ मध्ये बहुतेकांची एक चूक होते. कॅप्स लॉक आणि कंट्रोलची अदलाबदल करायची असते आणि माणूस एकच ओळ घालतो: कॅप्स लॉकचा कंट्रोल. त्याने अदलाबदल होत नाही. आणखी एक कंट्रोल मिळतो आणि कॅप्स लॉक गायब होतो. अदलाबदलीला दोन ओळी लागतात, एक जाणारी, एक येणारी.

त्याच ठिकाणी 'रीमॅप अ शॉर्टकट' असा दुसरा पर्याय आहे. तो जोड्यांसाठी. कंट्रोल डब्ल्यूने एक टॅब बंद होतो आणि शेजारच्या कंट्रोल क्यूने काही प्रोग्रॅममध्ये सगळंच बंद होतं. अशी जोडी इथून निकामी करता येते, आणि प्रोग्रॅमचं नाव लिहून ती फक्त त्या प्रोग्रॅमपुरती ठेवता येते. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट ही तिकडी आणि विंडोज एल ही जोडी मात्र विंडोज कोणाला हात लावू देत नाही. ते बरंच आहे.

दोन गोष्टी तपासून ठेवा. पॉवरटॉइजच्या 'जनरल' पानावर 'रन ॲट स्टार्टअप' चालू हवं, नाहीतर उद्या सकाळी सगळं जुनंच. आणि एखादा प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलेला असेल तर त्याच्या खिडकीत तुमचा बदल लागू होत नाही. तसं हवं असेल तर पॉवरटॉइजही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावं लागतं.

माझा 'टी' गेला तेव्हा

पॉवरटॉइजची मर्यादा मला पुस्तकी पद्धतीने कळली नाही. जुन्या लॅपटॉपवरचं 'टी'चं बटण एक दिवस मेलं. गंमत म्हणजे फक्त इंग्रजीतला टी गेला नाही, मराठीतला दीर्घ ऊकारही गेला, कारण इन्स्क्रिप्टमध्ये तो त्याच बटणावर आहे. 'पूर्वसूचना' हा शब्द लिहायची सोय उरली नाही. मी उजवा कंट्रोल कधी वापरत नाही, म्हणून पॉवरटॉइजमध्ये उजव्या कंट्रोलचा टी केला. एका ओळीत दोन्ही भाषांचा प्रश्न मिटला. वर सांगितलं तसं, बदल लेआउटच्या खालच्या थरात होतो, त्यामुळे भाषा कुठलीही असो, तो सोबत येतो.

चार दिवस मजेत गेले. पाचव्या दिवशी मशीन पुन्हा सुरू केलं आणि पासवर्डच्या चौकटीसमोर बसून राहिलो. पासवर्डमध्ये टी होता. पॉवरटॉइज हा आत शिरल्यावर चालणारा प्रोग्रॅम, दारावर त्याची सत्ता नाही. उजवा कंट्रोल तिथे साधा कंट्रोलच होता. शेवटी त्या पडद्याच्या कोपऱ्यातल्या ॲक्सेसिबिलिटीच्या चिन्हावरून पडद्यावरचा कीबोर्ड उघडला आणि माऊसने टीवर क्लिक करून आत गेलो. तुमच्यावर ही वेळ आली तर कोपरा लक्षात ठेवा.

मेलेल्या बटणासाठी म्हणून पॉवरटॉइज पुरत नाही. तिथे शार्पकीज वापरावं. हेही मोफत आहे, पण वेगळ्या जातीचं. ते पार्श्वभूमीला चालत नाही, विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या सेटिंग्जच्या साठ्यात, एक नोंद करतं आणि बाजूला होतं. पुढचं काम विंडोज स्वतः करते, त्यामुळे बदल पासवर्डच्या पडद्यावरही लागू असतो. वापर सोपा आहे: 'ॲड' दाबा, डाव्या यादीतून दाबायचं बटण, उजव्या यादीतून त्याचं नवं काम निवडा. यादी लांबलचक आहे, म्हणून 'टाइप की' दाबून सरळ बटणच दाबून दाखवा. बटण बंद करायचं असेल तर उजव्या यादीत सगळ्यात वर 'टर्न की ऑफ' आहे. मग 'राइट टू रजिस्ट्री' दाबा आणि मशीन पुन्हा सुरू करा. पुन्हा सुरू केल्याशिवाय काहीच होत नाही. 'चालत नाही' म्हणून ओरडणारे बहुतेक जण इथेच थांबलेले असतात.

शार्पकीजचे तोटे म्हणजे जोड्या जमत नाहीत, पॉज हे बटण बदलता येत नाही, आणि केलेला बदल त्या मशीनवरच्या प्रत्येक वापरकर्त्याला आणि जोडलेल्या प्रत्येक कीबोर्डला लागू होतो. घरात एकच संगणक सगळे वापरत असतील तर आधी सांगा. पॉवरटॉइजचा बदल तुमच्या खात्यापुरता राहतो.

ऑटोहॉटकीचंही नाव तुमच्या कानावर येईल. ते फार ताकदवान आहे, पण त्यात छोटे छोटे प्रोग्रॅम लिहावे लागतात. एफ१ गप्प करायला तेवढ्या दूर जायची गरज नाही.

कॅप्स लॉकच्या जागी काय ठेवायचं

हा खरा चवीचा प्रश्न. कॅप्स लॉक डाव्या करंगळीच्या अगदी शेजारी, एच्या बाजूला, ऐसपैस जागा अडवून बसलेला असतो. एवढी मोक्याची जागा आणि काम काय, तर सगळी अक्षरं मोठी करणं. देवनागरीत तर लहान-मोठी अक्षरंच नाहीत.

त्याचा इतिहास टाइपरायटरचा आहे. १८७८च्या रेमिंग्टन नंबर २पासून शिफ्ट आलं. ते दाबलं की यंत्राचा वजनदार भाग खरोखर सरकायचा, आणि अख्खं शीर्षक मोठ्या अक्षरांत मारायचं तर करंगळी दमून जायची. म्हणून शिफ्ट अडकवून ठेवणारी कळ. संगणकावर सरकायला काही राहिलं नाही, कळ मात्र राहिली. तीही सुरुवातीला या जागी नव्हती: आयबीएमच्या १९८१च्या पीसीवर एच्या डावीकडे कंट्रोल होता आणि कॅप्स लॉक खाली स्पेसबारच्या उजवीकडे. त्याच दशकाच्या मध्यावर आलेल्या १०१ बटणांच्या कीबोर्डने जागा बदलल्या आणि सगळ्यांनी तेच गिरवलं. क्रोमबुकवर मात्र त्या जागी सर्चचं बटण असतं, म्हणजे हे काही विधिलिखित नाही.

माझं मत विचाराल तर तिथे कंट्रोल ठेवा. कॉपी, पेस्ट, अनडू, सेव्ह ही सगळी कामं कंट्रोलनेच होतात, आणि खाली कोपऱ्यातल्या कंट्रोलसाठी करंगळी दर वेळी मुडपावी लागते. दिवसभर लिहिणाऱ्याला आठवड्याभरात फरक जाणवतो. डावा कंट्रोल काढू नका, तो तसाच असू द्या. सवय होईपर्यंत दोन्हीकडून काम चालतं.

प्रोग्रॅम लिहिणारे तिथे एस्केप ठेवतात. व्हीआय नावाचा एडिटर वापरणाऱ्यांना एस्केप क्षणोक्षणी लागतं. बिल जॉय यांनी तो एडीएम-३ए या टर्मिनलवर (मोठ्या संगणकाला जोडलेल्या पडदा-कीबोर्डच्या जोडीवर) लिहिला, आणि त्या टर्मिनलवर एस्केप आजच्या टॅबच्या जागी होतं. तेव्हा ते हाताशी होतं, पुढे कोपऱ्यात गेलं.

दोन लिप्यांत लिहिणाऱ्यांसाठी तिसरा पर्याय मला फार आवडतो: कॅप्स लॉक दाबला की भाषा बदलावी. पॉवरटॉइजमध्ये डावीकडे कॅप्स लॉक आणि उजवीकडे विंडोज व स्पेस ही जोडी द्या. मॅकवर तर हे तयारच मिळतं. कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये इनपुट सोर्सेसच्या 'एडिट'मध्ये, कॅप्स लॉकने इंग्रजी लेआउटकडे आणि परत जाण्याचा पर्याय आहे. लिनक्सवरही लेआउट बदलण्याच्या बटणांच्या यादीत कॅप्स लॉक सापडतो.

आणि यातलं काहीच नको असेल तर तो सरळ बंद करा. रिकामी जागाही चालते. निदान पासवर्ड तरी पहिल्या झटक्यात बरोबर पडेल.

मॅकवर

मॅकवर नेहमीच्या बदलांसाठी बाहेरून काहीही आणावं लागत नाही. सिस्टीम सेटिंग्ज, कीबोर्ड, मग 'कीबोर्ड शॉर्टकट्स' हे बटण, आणि उघडलेल्या खिडकीत डावीकडे 'मॉडिफायर कीज'. कॅप्स लॉक, कंट्रोल, ऑप्शन, कमांड आणि ग्लोब यांच्यासमोर यादी असते. हवं ते निवडा, किंवा 'नो ॲक्शन' निवडून बटण गप्प करा. 'डन' दाबताच बदल लागू. एस्केपचा पर्याय या यादीत २०१६मध्ये आला, म्हणजे टच बार (एफ रांगेच्या जागची स्पर्शपट्टी) असलेले मॅकबुक प्रो आले आणि त्यांच्यावरून एस्केपचं खरंखुरं बटण नाहीसं झालं तेव्हा.

या खिडकीत सगळ्यात वर कीबोर्ड निवडायची यादी असते, तिच्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. प्रत्येक कीबोर्डचा हिशेब वेगळा ठेवला जातो. बाहेरचा कीबोर्ड जोडला आणि 'माझे बदल गेले' असं वाटलं, तर ते गेलेले नाहीत, ते आतल्या कीबोर्डवर आहेत. ही अडचण नाही, सोय आहे. विंडोजसाठी बनवलेला कीबोर्ड मॅकला जोडला की ऑप्शन आणि कमांड उलटसुलट पडतात. त्या एका कीबोर्डपुरती त्यांची अदलाबदल करा, लॅपटॉपचा कीबोर्ड जसाच्या तसा राहील.

एफ१ किंवा एखादं अक्षर बदलायचं असेल तर ही खिडकी उपयोगाची नाही. तिथे कॅराबिनर-एलिमेंट्स हे मोफत साधन लागतं. बसवताना ते बऱ्याच परवानग्या मागतं, सगळ्या दिल्याशिवाय चालत नाही. कीबोर्डवरचं प्रत्येक बटण वाचू शकणाऱ्या साधनाला परवानगी देताना ते अधिकृत जागेवरूनच उतरवलेलं आहे ना, एवढं दोनदा पाहा. हा नियम विंडोजलाही लागू आहे, कारण पासवर्डही याच बटणांनी लिहिले जातात.

लिनक्सवर

ग्नोम हा डेस्कटॉप (लिनक्सवरच्या खिडक्या आणि मेन्यू सांभाळणारा भाग) वापरत असाल तर 'ट्वीक्स' हे साधन बसवा. कीबोर्डच्या पानावर 'ॲडिशनल लेआउट ऑप्शन्स' उघडलं की कॅप्स लॉकच्या वागणुकीची भलीमोठी यादी मिळते: जादा कंट्रोल, जादा एस्केप, पूर्ण बंद, आणि माझा आवडता पर्याय, एकटा दाबला तर एस्केप पण शिफ्टसोबत दाबला तर खरा कॅप्स लॉक. केडीई प्लाझ्मा या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये हीच यादी सिस्टीम सेटिंग्जमधल्या कीबोर्डच्या पानावर मिळते. बाकीची बटणं बदलायला 'इनपुट रीमॅपर' हे खिडकीवालं साधन सोपं पडतं.

जी बटणं ऐकत नाहीत

एफएन हे बटण रीमॅप करायचा प्रयत्न करून पुष्कळ लोक थकतात. साधनात 'सिलेक्ट' दाबून एफएन दाबलं तरी काहीच नोंदलं जात नाही. कारण बहुतेक लॅपटॉपवर एफएनचा निवाडा कीबोर्डच्या आतच होतो, ऑपरेटिंग सिस्टीमपर्यंत त्याची खबरच जात नाही. जी खबर येत नाही ती बदलणार कशी? काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये, एफएन आणि कंट्रोल यांची अदलाबदल करायचा पर्याय असतो. थिंकपॅडवर तो हमखास पाहावा, कारण त्यांच्या कित्येक मॉडेलवर एफएन कोपऱ्यात आणि कंट्रोल त्याच्या आत असतो.

दुसरं हट्टी बटण म्हणजे मायक्रोसॉफ्टचा एआय मदतनीस उघडणारं कोपायलट. मायक्रोसॉफ्टने ते जानेवारी २०२४मध्ये जाहीर केलं, आणि अनेक लॅपटॉपवर ते उजव्या कंट्रोलच्या जागेवर येऊन बसलं. ते एक बटण दिसतं, पण दाबल्यावर तीन बटणांची खबर पाठवतं: शिफ्ट, विंडोज आणि एफ२३. म्हणून ते 'रीमॅप अ की'मध्ये नीट सापडत नाही, शॉर्टकटच्या पानावर पकडावं लागतं. तिथून त्याला दुसरं एखादं काम देता येतं, पण कंट्रोलसारखं दाबून धरायचं काम ते नेहमी नीट करत नाही. विंडोज ११च्या सेटिंग्जमध्ये, पर्सनलायझेशनखालच्या टेक्स्ट इनपुटमध्येही त्याचं काम बदलायची जागा आहे, पण तिथले पर्याय मोजकेच आहेत.

ज्यांना हे सगळं आवडायला लागेल ते एक दिवस क्यूएमके किंवा व्हायावर (बटणांची कामं हवी तशी ठरवू देणाऱ्या साधनांवर) चालणारा कीबोर्ड घेतील. त्यात बदल कीबोर्डच्या आतच साठवले जातात, कुठल्याही मशीनला जोडा, बटणं तुमच्या मर्जीनेच वागतात. पण त्या वाटेने लगेच जाऊ नका. दाबलं तर एस्केप, धरलं तर कंट्रोल, एकेका बटणावर कामांचे दोन थर, तीन थर... पहिल्या महिन्यात हे केलंत तर लिहायचं राहील आणि कीबोर्डशीच खेळत बसाल.

घाई टाळा, परतीची वाट ठेवा

एका वेळी एकच बटण बदला आणि आठवडाभर तसंच वापरा. एकदम पाच बदललीत आणि काही बिघडलं तर कुठल्या बदलाने ते कळणार नाही. पहिले दोन-तीन दिवस लिहिण्याचा वेग कमी होतो, चिडचिड होते. तो बदल वाईट आहे असं त्यावरून ठरवू नका. मात्र आठवड्यानंतरही बोट अडखळत असेल तर खुशाल जुनं परत आणा.

काही बटणांना हात लावायचा नाही: एंटर, बॅकस्पेस आणि तुमच्या पासवर्डमधलं कुठलंही अक्षर. उजवं ऑल्ट बदलण्याआधी तुमचा लेआउट तपासा. काही लेआउटमध्ये जास्तीची चिन्हं उमटवायला तेच लागतं, आणि ते गेलं की चिन्हं कुठे गेली ते शोधत बसाल.

केलेला प्रत्येक बदल कागदाच्या चिठ्ठीवर लिहून कीबोर्डच्या खाली चिकटवा. संगणकात लिहिलंत तर ती फाइल उघडायला तेच बिघडलेलं बटण लागायचं.

आणि पूर्ववत कसं करायचं ते बदल करण्याआधीच पाहून ठेवा, तेही फक्त माऊसने जमतंय ना हे तपासून. पॉवरटॉइजमध्ये कीबोर्ड मॅनेजरचं खटकं बंद केलं की सगळी बटणं त्या क्षणी मूळ कामावर येतात. शार्पकीजमध्ये 'डिलीट ऑल' दाबून पुन्हा रजिस्ट्रीत लिहावं लागतं आणि मशीन पुन्हा सुरू करावं लागतं. शार्पकीज नुसतं काढून टाकलं तर बदल तसाच राहतो, कारण नोंद विंडोजकडे असते. मॅकवर मॉडिफायर कीजच्याच खिडकीत 'रिस्टोअर डिफॉल्ट्स' आहे. ट्वीक्समध्ये त्याच यादीत जाऊन निवडलेला पर्याय काढून टाका. मशीन दुसऱ्या कोणाला देणार असाल तर हे आधी करा, नाहीतर त्या माणसाचा संध्याकाळी फोन येईल की कॅप्स लॉक बिघडला आहे.